अर्धा सूर वर

हेमू,

मेधावहिनींचा मागच्या आठवड्यात फोन आला. "भाऊजी, चौदाव्याला जेवणाच्या आधी हेमंतचं गाणं लावायचंय. तुम्हीच लावा. तुमच्याकडे चांगल्या क्वालिटीचं असेल ना?" मी "हो हो, बिल्कुल" म्हणालो, फोन ठेवला आणि स्टुडिओतल्या खुर्चीत मटकन बसलो. हेमंतचं गाणं म्हणजे कोणतं हे विचारायची गरज नव्हती. त्या गाण्यात तुझ्या बोटांचा एक सूरही नाही, हे मात्र मला सांगता येत नव्हतं.

काल तुझा चौदावा दिवस झाला. फरीदाबादला तुमच्या घरी गोडाचं जेवण होतं. श्रीखंड होतं आणि मी ते दुसऱ्यांदाही वाढून घेतलं, याची मला आत्ता लाज वाटतेय. आज सकाळी स्टुडिओत आलो, दार आतून लावून घेतलं आणि लिहायला बसलो. चार वर्षं जे तुझ्याशी बोलायला मी घाबरत होतो ते आता बेधडक बोलता येतंय. किती नामर्द माणूस तुझा मित्र होता, बघ.

लोक तुझ्याबद्दल बरंच काही लिहितायत. कुणी तुला लेजंड केलंय, कुणी दिल्लीच्या रॉकचा आधारस्तंभ. यातल्या निम्म्या लोकांना तू एखाद्या शामियान्यात, कपाळाला टिळा लावून, माता की चौकीत, म्हणजे देवीच्या भजनांच्या कार्यक्रमात, हार्मोनियमवाल्याच्या मागे बसून गिटार वाजवताना दिसला असतास, तर त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नसती. मला या लोकांचा संताप येतो. मग आठवतं की त्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही, बिघडवलंय ते मी, आणि मी गप्प बसतो.

आपण आर. के. पुरमची पोरं. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना टाइप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बापाचा हुद्दा जेवढा, तेवढ्या टाइपचं घर. आपल्या दोघांच्या वडिलांना टाइप टू मिळालेलं, म्हणून बँडचं नाव 'टाइप टू'. तुझी आई वैतागायची, "नाव ठेवायला पैसे पडतात का? जरा मोठ्या क्वार्टरचं तरी ठेवा." तू गिटार, मी कीबोर्ड, प्रॅक्टिस स्कूटरच्या गॅरेजमध्ये. वरच्या मजल्यावरचे तमिळ काका संध्याकाळी जिन्यात येऊन नुसते उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. ते उभे राहिले की आपण आवाज कमी करायचो, ते वर गेले की तू वाढवायचास.

गाणारा परदेशी नोकरीला गेला आणि टाइप टू संपला. मी तळघरात हा स्टुडिओ थाटला. तू काही वर्षांनी दुसऱ्या एका बँडमध्ये गेलास, तोही दोनेक वर्षांत मोडला. त्याच्या आधी, नंतर आणि कायमच तुझं उत्तर ठरलेलं असायचं. काय चाललंय विचारलं की, "सध्या मधे आहे." मेधावहिनींचे वडील तुला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, मधे म्हणजे कशाच्या मधे? तू चहाचा कप खाली ठेवून अगदी गंभीरपणे म्हणालास, "दोन बँडच्या. एक झाला, दुसरा व्हायचाय." मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, जमलंच आता लग्न! त्या भल्या माणसाने तरीही मुलगी दिली.

आणि त्या 'मधे'मध्ये तू काय काय वाजवलंस! चौकीची पार्टी तर होतीच. शाळांची स्नेहसंमेलनं, हरियाणवी गाणी, लग्नातले 'संगीत'चे कार्यक्रम, नाटकांचं पार्श्वसंगीत, गिटारच्या दुकानात गिऱ्हाइकांना गिटार वाजवून दाखवायचं काम, आणि माझ्याकडे जाहिरातींचे सेशन. चौकीवरून थेट इकडे यायचास तेव्हा गिटारच्या बॅगेत प्रसादाचा डबा असायचा, हलवा आणि काळे चणे. त्याच तुपकट बोटांनी तू माझ्या कन्सोलला हात लावायचास आणि मी बोंबलायचो. तू म्हणायचास, "माताराणीचं तूप आहे यार, मशीन चालेल अजून दहा वर्षं."

कोणतंही काम असो, वाजवायच्या आधी तुझा एक प्रश्न असायचाच: हे कोण ऐकणार आहे? भांड्यांच्या साबणाची जाहिरात होती, त्यात तुझी गिटार मोजून सहा सेकंद. तरी तू विचारलंस. मी वैतागून म्हणालो, "बायका ऐकतील भांडी घासताना, वाजव." तू डोळे मिटून बसलास आणि मग असं काही वाजवलंस की त्यात नळ सोडल्यासारखं वाटत होतं. त्या सहा सेकंदांसाठी तू पाऊण तास घेतलास. घड्याळ बघून मी कितीदा दात-ओठ खाल्ले असतील. पण खरं सांगतो, पंधरा-वीस वर्षांत इथे जे काही रेकॉर्ड झालं, त्यातलं मला स्वतःहून परत ऐकावंसं वाटतं ते एवढंच, साबणाचं.

तुझ्या स्वतःच्या भानगडी आणखी निराळ्या. त्या कूलरची आठवण आहे? तुझ्या वडिलांना नंतर सरोजिनी नगरची क्वार्टर मिळाली होती. तिथल्या खिडकीतला कूलर दुपारभर एका सुरात घोंघावायचा. तू गिटार त्या सुराशी जुळवून घ्यायचास आणि वाजवत बसायचास. व्होल्टेज पडलं की कूलरचा सूर खाली घसरायचा, मग तूही त्याच्या बरोबरीने तार ढिली करत खाली यायचास. बाहेर मार्केटमध्ये "सौ के दो, सौ के दो" चाललेलं, तेही त्यात आलं होतं. असे सात तुकडे तू रेकॉर्ड करून मला आणून दिलेस, "जरा नीट करून दे" म्हणालास. मी दोन दिवस खपून इमानेइतबारे त्यातला कूलर काढून टाकला. मार्केटही काढलं. तू ऐकलंस आणि खो खो हसलास. जाताना म्हणालास, "अरे विन्या, गात तर कूलर होता. मी नुसती साथ करत होतो."

आपलं खरं भांडण तिथेच सुरू झालं आणि ते कधी मिटलंच नाही. माझं काम आवाज साफ करायचं. तुझी बोटं एका कॉर्डवरून दुसरीकडे जाताना तारेवर सरकायची आणि बारीकसा चर्र आवाज यायचा. सगळ्याच गिटारवाल्यांचा येतो, तुझा जरा जास्तच यायचा. मी तो कापून टाकायचो. तू प्रत्येक वेळी विचारायचास, कापलास का रे? मी म्हणायचो, कापला. तू जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचास. दर सेशनला तेच. मेधावहिनींना वाटायचं, हे दोघं काय तरी मोठ्या संगीताविषयी वाद घालतात. वाद होता एका चर्र आवाजाचा.

आता त्या दिवसाबद्दल.

मालिकेचं शीर्षकगीत होतं. तू दुपारी फरीदाबादहून मेट्रोने आलास, चौकीची ऑर्डर संध्याकाळची होती म्हणून घाईत. चार टेक झाले. चारही वेळा मधल्या ओळीत तो चर्र आवाज आला. चारही वेळा मी थांबवलं. शेवटी मी म्हणालो, "हेमू, तो आवाज नकोय यार. क्लायंटला साफ पाहिजे." तू आत काचेपलीकडून म्हणालास, "साफ करशील रे तू. पण मग तिथे कुणी माणूस बसला होता, हे कळणार कसं?" मी म्हणालो, "कुणाला कळायलाच नकोय. वाजव." तू हसलास आणि पाचवा टेक दिलास. त्यात तो आवाज तू मुद्दाम, चांगला ठसठशीत घेतलास. तोच टेक सर्वांत सुंदर होता. मला ते तेव्हाही कळलं होतं आणि म्हणूनच जास्त राग आला.

दोन दिवसांनी गायिका आली. तिला पट्टी खाली वाटली. "आधा सुर ऊपर कर दीजिए ना, खुलेगा." माझ्या कीबोर्डचं सगळं एका बटणावर वर गेलं. तुझी गिटार तशी वर नेली तर आवाज मिळमिळीत झाला. ती परत घ्यायला हवी होती. त्याला लागलं काय असतं? तुझ्याकडे कॅपो होता, गिटारच्या मानेवर लावायचा तो चिमटा. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, लावला की अख्खी गिटार अर्धा सूर वर जाते, बोटांची ठेवण तीच राहते. तू येऊन पंधरा मिनिटांत वाजवून गेला असतास.

मी तुला फोन केला नाही.

घाई होती हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. घाई होती, पण दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ होता. खरी गोष्ट अशी की मला तुझा तो प्रश्न नको होता. कोण ऐकणार आहे, माणूस कसा कळणार, कापलास का रे. एकदा तरी माझं काम कुणीही च्च न करता पुरं व्हावं, असं वाटलं. आणि त्याहून आतली गोष्ट म्हणजे तुझ्याशिवाय माझं अडत नाही, हे मला बघायचं होतं. मी कीबोर्डवरचा गिटारचा आवाज लावला आणि तुझं सगळं वादन, सूर न् सूर, तुझंच ऐकून ऐकून, वरच्या पट्टीत बोटांनी दाबून वाजवलं. स्वच्छ. एक चर्र नाही. क्लायंटला फार आवडलं.

आणि मग तू फोन केलास. "काय रे, झालं का?" मी म्हणालो, "झालं, फायनल. तुझं मस्त आलंय." हे वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. नंतर नावं मागवली तेव्हा मी टाइप केलं: गिटार – हेमंत. मला वाटलं, एवढं तरी त्याचं त्याला देतोय. मी किती मूर्ख होतो, हे गाणं चालेपर्यंत मला कळलं नाही.

गाणं चाललं. लग्नात वाजायला लागलं, त्याची रिंगटोन झाली. दोन बँड आणि एवढी वर्षं मधे काढून जे झालं नाही ते झालं, तुझं नाव लोकांना कळलं. आणि ते ज्याबद्दल कळलं ते तू वाजवलेलंच नव्हतं. दुसऱ्याने केलेलं काम आपल्या नावावर खपवणारे या धंद्यात ढिगाने आहेत. मी उलटं केलं. माझी नक्कल तुझ्या गळ्यात बांधली आणि कौतुक झेलायला तुला एकट्याला उभं केलं.

गणेशोत्सवातला सत्कार मला अजून छळतो. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, शाल, श्रीफळ, पुढच्या रांगेत मी. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्या हेमंतरावांनी दिल्लीच्या मराठी माणसाचं नाव काढलं. दोन शब्द बोला." तू माइक हातात घेतलास आणि म्हणालास, "या गाण्यात माझं फार काही नाही हो." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचे गृहस्थ मला कोपर मारून म्हणाले, "किती डाउन टू अर्थ माणूस आहे बघा!" मी टाळ्या वाजवत होतो. मग लोकांनी आग्रह केला म्हणून तू तो तुकडा वाजवून दाखवलास, तुझा, चर्र आवाजासकट. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन विचारलंस, "बरोबर वाजवलं ना मी?" तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं. मी म्हणालो, "चल, प्रसाद घेऊ."

या उन्हाळ्यात तू फोन केलास. सहज विचारावं तसं विचारलंस, "विन्या, तो पाचवा टेक आहे का रे तुझ्याकडे? पोरीला ऐकवायचा होता, इराला." माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये ती हार्ड डिस्क होती. मी म्हणालो, "ती डिस्क उडाली यार, गेल्याच वर्षी." मग म्हणालास, "अच्छा. चलो, कोई बात नहीं।"

हेमू, आपण घराबाहेर पडलं की हिंदी बोलतो. ऑटोवाल्याशी, भाजीवाल्याशी, ऑफिसात. गॅरेजमधल्या त्या पहिल्या दिवसापासून तू माझ्याशी कधी हिंदीत बोलला नव्हतास. 'यार' आणि 'चलो' सोड, ते आपल्या मराठीतच मुरलेत. पण अख्खं वाक्य नाही. त्या दिवशी तू मला बाहेरचा करून टाकलंस. मी ते ऐकलं, मला ते लागलं, आणि तरी मी ड्रॉवर उघडला नाही.

पुढे तू ॲडमिट झालास. छातीत पाणी झालंय, रविवारपर्यंत सोडतील म्हणाले. मी तिसऱ्या दिवशी आलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि आपण दोघंच होतो, चांगली दहा मिनिटं. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, म्हणजे तुला उलट बोलता येणार नव्हतं. माझ्यासारख्याला याहून सोपी संधी कोण देणार? मी तुला बदरपूरच्या ट्रॅफिकबद्दल सांगितलं. फ्लायओव्हरवर ट्रक कसा बंद पडला होता, किती वेळ गेला, सगळं. तू मान हलवून ऐकत होतास. मग मी म्हणालो, "बरा हो, आपण बँड काढू परत." तू भुवया उंचावल्यास. ते हसणं होतं की दुसरं काही, हे मला आता कधी कळणार नाही. रविवारी तू घरी आलास, पण तसा नाही.

तर वहिनींचा फोन आला आणि मी दोन दिवस घालवले. गाणं लावावं, लोक डोळे पुसतील, जेवतील, जातील. कुणाला कळणार होतं? हाच तुझा प्रश्न होता, फक्त माझ्या तोंडी तो चोराचा झाला होता. तिसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला. डिस्क धडधाकट होती. पाचवा टेक मिळाला, त्याच्या आधीच्या आपल्या बोलण्यासकट. हात सवयीने कात्रीच्या बटणाकडे गेला, पुढचं-मागचं कापून फक्त वादन ठेवायला. पण सगळं तसंच राहू दिलं. बऱ्याच वर्षांनी मी काहीही साफ केलं नाही.

काल तुमच्या पुढच्या खोलीत वीस-एक माणसं होती. सतरंजीवर, सोफ्यावर, दारात. तुझा फोटो टीपॉयवर, त्याच्या बाजूला स्टँडवर तुझी गिटार, तिलाही कुणीतरी हार घातला होता. मी स्पीकर लावला आणि म्हणालो, "हे हेमंतने वाजवलेलं आहे." एवढंच जमलं. पहिल्यांदा माझाच आवाज आला: हेमू, तो आवाज नकोय यार. क्लायंटला साफ पाहिजे. मग तुझा, जरा लांबून, काचेपलीकडचा. खोलीत कुणीतरी हुंदका दिला. मग माझं ते वाक्य आलं, कुणाला कळायलाच नकोय, आणि मी चप्पल शोधत असल्यासारखा जमिनीकडे बघत राहिलो. मग तू वाजवलंस.

संपल्यावर एक काकू हळूच म्हणाल्या, "गाणं कधी लागणार?" त्यांना वाटलं, ही नुसती मशीनची तयारी चाललीय.

मेधावहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना सांगायला पुढे सरकलो. तेवढ्यात तुझी इरा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. कॉलेजात जाते आता, केवढी दिसते. म्हणाली, "काका, हे खालच्या स्केलमध्ये आहे ना?"

"हो."

"म्हणजे हे बाबांचं. आणि सगळीकडे वाजतं ते?"

"ते मी वाजवलंय, बेटा. कीबोर्डवर. बाबांना न सांगता." वीस माणसांसमोर बोललो, हेमू.

ती दचकलीसुद्धा नाही. "मला माहितीये. पहिल्यांदा टीव्हीवर लागलं ना, तेव्हाच बाबा म्हणाले, यात बोटांचा आवाज नाहीये, मतलब मी नाहीये. आईला नको सांगू म्हणाले, ती खूश आहे."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. सत्कारात शाल घेताना, बरोबर वाजवलं ना मी विचारताना, पाचवा टेक मागताना. तू मला किती वेळा दार उघडून दिलंस आणि मी किती वेळा तुला प्रसाद घ्यायला चल म्हणालो.

मी विचारलं, "मग मला बोलला का नाही तो?"

"मीही विचारलं होतं. कारण ते काय करायचे, माहितीये का? गाणं कुठेही लागलं, शेजारी, टीव्हीवर, की गिटार काढायचे आणि त्याच्यावरून वाजवायचे. कॅपो लावून. मी म्हटलं, बाबा, झालं ना रेकॉर्ड, अब क्यों? तर म्हणाले, स्केल अर्धा सूर वर गेलंय. विन्या बोलावेल परत घ्यायला. आज ना उद्या बोलावेलच. तयार असलेलं बरं."

मला वाटलं, आता वहिनी मला घराबाहेर काढतील आणि ते योग्यच होईल. त्या उठल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, परत लावा. सुरुवातीपासून. तो बोलतोय ना त्यात." मी परत लावलं. चार वेळा लावलं. त्यांना वादनापेक्षा तुझं ते 'साफ करशील रे तू' ऐकायचं होतं. मी ते कापलं असतं तर?

निघताना मी गिटारजवळ गेलो. हार बाजूला केला. कॅपो तिच्या मानेवर होता, पहिल्या फ्रेटवर. त्याचं रबर तारांच्या रेघांनी खोल चिरलं होतं. तू ॲडमिट झालास त्या दिवशी सकाळीही खाली कुणाच्या तरी गाडीत ते गाणं लागलं होतं, असं इरा म्हणाली. कॅपो काढून तारा ढिल्या कराव्यात म्हणून मी सवयीने हात पुढे केला. मागून वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. त्याने लावलाय."

आता सकाळचे अकरा वाजलेत. तुझा माइक आतल्या खोलीत, तुझ्या उंचीला लावून ठेवलाय. ती उंची मला अजून पाठ आहे. फायलीतली माझी कीबोर्डवरची गिटार आधी पुसून टाकली. गायिका आहे, ढोलक आहे, मधली तुझी जागा मोकळी आहे. तिथे दुसऱ्या कुणाला मी वाजवू देणार नाही आणि स्वतःही वाजवणार नाही. चार वर्षांपूर्वी जो फोन करायचा होता तो एका वाक्याचा होता, म्हणून तेवढं म्हणतो.

हेमू, पट्टी अर्धा सूर वर गेलीय रे. कॅपो घेऊन ये.